उलाळ गाडी

रस्त्याकडे पाठ करून बसणारा आणि तरीही रस्त्यावरचं सगळं पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भालकीत मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, ते आमचे घरमालक. एका सरकारी खात्याच्या जीपवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्त होताना त्यांनी जीपचा जुना आरसा मागून घेतला आणि घरी आणून ओट्यावरच्या भिंतीत ठोकला. आरशासमोर लोखंडी खुर्ची. खुर्चीचं तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. सकाळचा चहा झाला की ते तिथं बसत आणि आरशातून गल्ली, गल्लीपुढचा रस्ता आणि बसवकल्याणहून येणारी बस थांबायची तो कोपरा न्याहाळत.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सुचवलं, "अण्णा, खुर्ची फिरवली तर आरशाची गरज उरणार नाही." मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि कुणी न विचारता सुचवत राहणं हा माझा जोडधंदा होता.

"समोरनं बघितलं की माणूस त्वांड बदलतंय, सर," ते आरशातूनच म्हणाले. "मागनं यायलेला माणूस आरशात खरा दिसतो. आत्ता जिना उतरताना तुम्ही नाकात बोट घातलं व्हतं."

आरशाचं हे कारण मी बरीच वर्षं खरं मानलं. जिना मात्र त्या दिवसापासून हात खिशात घालून उतरू लागलो.

निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी जीपला सलाम केला होता म्हणे, आणि त्यानंतर कुठल्याही वाहनाच्या स्टेअरिंगला हात लावला नव्हता. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "सरकारनं दिलं, सरकारला वापस केलं." पण आसपास कुठं काही रुतलं, ट्रॅक्टर असो की टेम्पो, की माणसं त्यांनाच बोलवायला येत. अण्णा जात, चपला काढून हातात घेत आणि त्या वाहनाभोवतीच्या चिखलात अनवाणी फिरत. टाच दाबून बघत. दहा पावलं पुढं, पाच पावलं बाजूला. मग एकच वाक्य बोलत, "हिकडनं घ्या," आणि पाय धुऊन घरी येत. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. "मेंढरामागं फिरलं की पायाला डोळे फुटत्यात," असं अण्णा सांगायचे. मी त्यांना घर्षणाचा गुणांक म्हणजे काय ते सांगायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "व्हय, पण ते टाचेला कळतंय का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीतल्या घराघरातून एकेक पोरगं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेलं असे आणि दिवाळीला छोटी पांढरी गाडी घेऊन येऊन ती नेमकी नळाच्या वाटेत उभी करत असे. मी कुठंच गेलो नव्हतो. पण त्यांना उत्तर द्यायला म्हणून मीही तशीच एक गाडी घेतली, हैदराबादच्या एका दातांच्या डॉक्टरांनी वापरून झालेली. सोबत आलेलं पुस्तक तीनदा वाचलं आणि गल्लीला गोळा करून समजावलं, "जीपमध्ये मागची चाकं गाडीला ढकलतात. हिच्यात इंजिनही पुढं आणि जोरही पुढच्याच चाकांना. पुढची चाकं ओढतात, मागची नुसती मागून येतात."

अण्णा ओट्यावरून उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे ही मोटार न्हाई. बैलगाडी हाय."

गल्ली हसली. मला ते लागलं. पण अण्णा चेष्टा करत नव्हते. "बैलगाडीत माल मागं भरला की काय व्हतंय? गाडी उलाळ व्हती. मागं बसती, पुढचं जू वर उचलतंय, दोरी बैलाच्या गळ्याला लागती. बैलाचे पाय जमिनीला टेकंनात, तर त्यानं वढावं कशानं? पुढनं वढायचं असलं तर वजन पुढं पाहिजे. गाडी धुरजड पाहिजे. ह्या गाडीत मागं काय भरू नका, सर."

मी "अस्सं, अस्सं" म्हटलं, जसं पहिल्या बाकावरच्या अति हुशार मुलाला म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उतरत्या फळीवर लाकडाचा ठोकळा ठेवून घर्षण शिकवलं, जसं दरवर्षी शिकवत आलो होतो. ठोकळा आणि मी, दोघंही आपापल्या जागी ठाम.

उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या फाट्यावर ट्रॅक्टरांतून पाचट सांडतं, त्यावरून शेकडो चाकं जातात आणि डांबरावर हिरवट, बुळबुळीत थर बसतो. एकदा अण्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेत होतो. त्या फाट्यावर उसाची गाडी आडवी आली म्हणून थांबलो, आणि निघायला गेलो तर पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. गाडी पुढं जाईना. मी पाय दाबला. रबराचा वास आला. आणखी दाबला. गाडीचं तोंड हळूहळू रस्त्याच्या कडेला सरकू लागलं आणि चार सायकलवाले सायकली लावून बघायला थांबले.

"कामून दाबायलाव? पाय उचला," अण्णा म्हणाले.

"अहो, ताकद कमी पडतेय."

"ताकद जास्त व्हायली. चाक फिरायलंय म्हंजे गाडी चालायली असं न्हाई. पाय उचला. चाकं सरळ करा. दुसरा गिअर टाका अन् क्लच हळू सोडा."

मी तसं केलं. गाडी आवाज न करता निघाली, इतकी सहज की सायकलवाल्यांची निराशा झाली. तेवढ्यावर अण्णा थांबले असते तर बरं झालं असतं. पण दवाखान्यापर्यंत त्यांनी माझं प्रत्येक वळण तपासलं, आणि शेवटी म्हणाले, "आवाज वाढवला म्हंजे काम व्हायलंय असं मास्तर लोकांना वाटतंय. तुमचा दोष न्हाई."

घरी परतल्यावर मी जाहीर केलं की यापुढं माझ्या गाडीत माझ्या चालवण्याबद्दल चकार शब्द चालणार नाही. अण्णा "बरं" म्हणाले. आणि त्यांचं "बरं" म्हणजे सरकारी शिक्का. त्यानंतर ते गाडीत बसले की उपरण्याचं टोक ओठांवर धरून बसत, उतरेपर्यंत. ते बोलत होते तेव्हापेक्षा मला आता जास्त घाम फुटायचा.

गाडीबाहेर मात्र त्यांनी मला सोडलं नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना घेऊन गेलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी विज्ञान, अध्यात्म आणि स्वतःचं बालपण या तिन्हींवर पाऊण तास घेतला. अण्णा माझ्या कानाशी आले. "सर, चाक फिरायलंय." मी मनापासून हसलो. मग आभार मानायला मी उठलो. आभार दोन मिनिटांचे असतात. पण पाहुण्यांनी विज्ञानाबद्दल काही ढोबळ चुका केल्या होत्या आणि त्या दुरुस्त करणं मला भाग होतं. तिसऱ्या चुकीला समोर नजर गेली. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांनी उजवा पाय जमिनीवरून वीतभर वर उचलून धरला होता. मी वाक्य अर्धवट सोडून खाली बसलो. त्या वर्षीचं माझं भाषण चांगलं झालं असं बरेच जण म्हणाले.

अण्णांना एकच मुलगी. बसवकल्याणच्या पलीकडे, मुडबीजवळच्या एका वाडीत दिलेली. तिच्याबद्दल ते बोलत नसत. पत्नी गेल्यानंतर ते एकटेच राहत. एकदा मी नको ते विचारलं तेव्हा त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं. मुलीच्या लग्नाच्या सकाळी साहेबांना सोडायला जाताना जीप ओढ्यात रुतली. साहेब बस धरून निघून गेले. अण्णा मात्र सरकारी जीप बेवारशी कशी सोडायची म्हणून तिच्यापाशी बसून राहिले. ट्रॅक्टर मिळाला, जीप निघाली, आणि अण्णा मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'अप्पा, जीप नीट हाय न्हवं?'"

त्यानंतर ती माहेरी एकदाच आली, आईच्या दिवसाला. त्याला सहा वर्षं झाली होती.

आणि एका मे महिन्यात तिचं पत्र आलं. अण्णांनी ते मला वाचायला दिलं. वहीचं फाडलेलं पान. "अप्पा, पोरीचं लग्न गुरुवारी आहे. अक्षता अकराला. माझ्या माहेरचं म्हणून आता तुम्हीच. या."

अण्णांनी पान उलटंसुलटं केलं. "परक्याला छापील पत्रिका अन् बापाला वहीचं पान," ते म्हणाले. पण तासाभरानं माडीवर आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच जिना चढून. "सर, बस फाट्यावर सोडती. पुढं वाडीपत्तोर दोन पोती घेऊन कसं जावं? तुमची गाडी..." त्यांना मागायची सवय नव्हती, वाक्य तिथंच थांबलं. नवरीच्या आईला तिच्या माहेरचा आहेर मांडवात यावा लागतो. तो आला नाही तर चारचौघींत बाईची मान खाली जाते. एकदा बाप आला नव्हता. आता आहेरही आला नसता, तर ते दार कायमचं बंद झालं असतं. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. "सातला निघू," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी सात वाजता अण्णा नवं धोतर, नव्या चपला, फेटा अशा थाटात ओट्यावर उभे. निघालो आठला, कारण लग्नाला जायचं म्हणून मी गाडी धूत होतो. डिक्कीत ज्वारीचं पोतं, तुरीच्या डाळीचं पोतं, पितळेचा हंडा आणि लुगडी-घोंगड्याची पेटी. पोती मागं टाकताना अण्णा काहीतरी बोलायला गेले. मग गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उपरण्याचं टोक ओठांवर धरलं.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कुणी चिखलात रुतेल असं माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण वाडीच्या अलीकडे काळ्या मातीचा एक चढ आहे, आणि वऱ्हाडाच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून लग्नघरानं सकाळीच त्या चढावर टँकरभर पाणी मारलं होतं. मानाचं पाणी म्हणून हात राखला नव्हता. काळी माती भिजली की काय होते हे त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला मात्र ते चढाच्या निम्म्यात कळलं. पुढची चाकं गरगरू लागली, गाडी जागीच थांबली. साडेदहा वाजले होते.

मी पाय दाबला. काचेवर चिखलाचे शिंतोडे आले. तेवढ्यात वरून दोन ट्रॅक्टरवाले आले. "सर, मागं वजन कमी पडायलंय. दगडं टाका की मागं!" जीप-ट्रॅक्टरवर वाढलेल्या त्या सगळ्या मुलखाला हेच माहीत होतं: गाडी घसरली की मागं वजन टाका. मीही उतरलो, त्या दोघांना सूत्र समजावलं, वजन वाढलं की घर्षण वाढतं, आणि तिघांनी मिळून डिक्कीत सात दगड भरले. शिवाय गोणपाट आणून मी स्वतःच्या हातानं चाकांखाली घातलं. मागच्या चाकांखाली. गल्लीला गोळा करून पुढची चाकं ओढतात हे सांगणारा तो मीच होतो.

गाडीचं नाक आता विमानासारखं वर झालं होतं. चाकांनी दोन खड्डे खणले. वरून लाउडस्पीकरचा आवाज यायला लागला. शेजारी अण्णा उपरणं ओठांवर धरून बसलेले. 

"अण्णा, तुम्ही चालत पुढं व्हा. गाव दिसतंय."

त्यांनी उपरणं न काढता नकारार्थी मान हलवली आणि मागच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. मग घड्याळ बघितलं. पावणेअकरा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दिलेला शब्द हा माणूस जीपसारखाच सांभाळत बसला होता. मी गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा अक्षता चुकत असतानाही तो गप्प होता.

उपरणं हळूच खाली आलं. "सर, बोलू का?"

"बोला, अण्णा," मी म्हणालो. "देवासाठी बोला."

"गाडी उलाळ झाली." आणि चपला काढून ते नव्या धोतरानिशी चिखलात उतरले.

टाचेनं चढ तपासत ते वरपर्यंत जाऊन आले. सगळे दगड काढायला लावले. पोती डिक्कीतून काढून पुढं, माझ्या शेजारच्या सीटवर आणि तिच्या पायाशी. हंडा त्यांच्यावर. गाडी मागं सोडून चढाच्या खाली कोरड्यात आणली, आणि तिथं म्हणाले, "आता फिरवा. तिचं ढुंगण चढाकडं करा. रिव्हर्समधी चढवा."

"उलटी?"

"सुलट तुम्ही करून बघितली की. चढावर वजन खालच्या चाकावर येतंय. वढणारं चाक खाली पाहिजे." आणि आहेराच्या पेटीतलं नवं घोंगडं बॉनेटवर टाकून ते त्यावर बसले, काचेकडे पाठ करून. "मी धुरंवर बसतो. एक टिचकी, पाय उचला. दोन टिचक्या, हळू दाबा. स्वतःचं डोकं चालवू नका."

मान मागं वळवून मी गाडी उलटी चढवू लागलो. बॉनेटवर टक, टक. चाक जरा निसटलं की टक. पाय उचलायचा. पुन्हा टक, टक. वीस वर्षं मी ज्या फळीवर ठोकळा सरकवत होतो, ती फळी पहिल्यांदाच माझ्या पायाखाली होती आणि शिकवणारा बॉनेटवर बसला होता. ट्रॅक्टरवाले दोन्ही बाजूंनी मुकाट्यानं चालत होते. गाडी एकदाही ओरडली नाही.

मांडवाच्या दारात आमची डिक्की आधी पोचली, मग मी, आणि सगळ्यात शेवटी, गावाकडे पाठ करून बसलेले, गुडघ्यापर्यंत काळे झालेले अण्णा. सव्वाअकरा झाले होते. ते बॉनेटवरून उतरले, पण वळेनात. मांडवातून भांड्यांचा आवाज येत होता. पंगती उठल्या की तसाच येतो.

मुलगी बाहेर आली. चाळिशीची, हिरव्या लुगड्यातली, बापासारखंच रुंद कपाळ. तिनं पाय बघितले, धोतर बघितलं.

"अप्पा, ह्या बारीला बी चिखलातूनच?"

"झाल्या का अक्षता?" अण्णांनी खाली बघत विचारलं.

तिनं कमरेला खोचलेली छापील पत्रिका काढून माझ्या हातात दिली. मी मोठ्यानं वाचलं. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटं. भांडी वाजत होती ती स्वयंपाकाची; पुऱ्या अजून तळायच्या होत्या.

"मला ठावं हाय की माझा बाप," ती म्हणाली. "छापील धाडली असती तर पंगतीलाच आला असता. म्हणून हातानं लिवलं." मग आवाज जरा खाली आला. "ते पाणी बी मीच मारायला लावलं. तुमच्या नव्या धोतराला धूळ लागू नये म्हणून."

 अण्णांच्या उपरण्याचं टोक उगीच ओठांकडे गेलं. ती घागर घेऊन आली आणि वाकून स्वतःच त्यांचे पाय धुऊ लागली. मी तिकडून नजर काढून गाडीच्या टायरकडे बघत राहिलो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिनं मला बाजूला विचारलं, "सर, अप्पा अजून भिंतीकडं त्वांड करून बसत्यात का?"

"बसतात. आरशात माणूस खरा दिसतो म्हणतात."

"आई हिकडं आली की सांगायची," ती म्हणाली. "बसमधनं कोण उतरायलंय ते दिसावं, पण वाट बघायलेत असं कुणाला दिसू नये." आणि ती लगबगीनं आत गेली, वाढप्यांवर ओरडत.

निघताना तिनं डिक्की उघडायला लावली. बुंदीच्या लाडवांचं टोपलं, शेंगांचं पोतं, आंब्यांची पाटी, लोणच्याची बरणी, आणखी एक पोतं ज्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही. पुढच्या सीटवर काही ठेवू म्हटलं तर ऐकेना. गाडी मागं बसली, नाक वर झालं. मी धडा नुकताच शिकलेला विद्यार्थी, मला राहवेना. "अण्णा, उलाळ व्हायलीय. काही पुढं घ्यायला सांगू का?"

अण्णा माझ्या शेजारी बसले होते. उपरणं आज खांद्यावरच होतं. मुलगी मागं वाकून डिक्कीत अजून काहीतरी कोंबत होती आणि ते बाजूच्या आरशात तिच्याकडे बघत होते.

"भरू द्या तिला," ते म्हणाले. "आता उतार हाय."